आईच्या घरातला माझा डोळा

आई अंगणात घसरून पडली आणि तिचं डावं मनगट मोडलं, तेव्हा मी तिला शेलूला माझ्याकडे चल म्हणालो. ती म्हणाली, "म्हस कोन बगनार?" वडील गेल्यापासून कडावच्या घरात ती आणि म्हैस, दोघीच. शेवटी मी मधल्या खोलीत कॅमेरा बसवला.

"ह्यातनं तुला काय काय दिसतं रं?" तिनं विचारलं.

"सगळं," मी कौतुकानं म्हणालो.

मग ऑफिसात बसून मी दिवसातून दहादा मोबाइल उघडायचो. आई तांदूळ निवडतेय, आई जरा आडवी झालीय. बरं वाटायचं. एकदा शेजारच्या टेबलावरचा सहकारी डोकावून म्हणाला, "झोपल्यात वाटतं आई." मी पटकन फोन पालथा घातला. का घातला, याचा तेव्हा विचार केला नाही.

महिन्याभरानं लक्षात आलं, की सकाळी आंघोळ झाली की आई बराच वेळ दिसतच नाही. दिसायची तेव्हा पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, परक्याच्या घरी आल्यासारखी. फोनवर विचारलं तर म्हणाली, "म्हशीकडं होते."

एका रविवारी न सांगता गेलो. घर उघडं, आई नाही. गोठ्यात हाक मारत शिरलो. म्हशीच्या आडोशाला आई ओल्या केसांनी उभी होती, प्लास्टर निघालं तरी न वळणाऱ्या हातानं निऱ्या घालायची धडपड करत. लुगड्याचा काठ शेणात लोळत होता. मी चटकन पाठ फिरवली.

"इथं का नेसतेस?"

"घरात तुजा डोळा हाय ना."

पाठमोराच म्हणालो, "मग बंद कर म्हणायचं होतंस."

"तू काळजीनं लावलास. नको म्हनलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

माझी काळजी सांभाळायला ती थंडीत रोज गोठ्यात उभी राहत होती. तिनं काय झाकायचं आणि काय दाखवायचं, हे मी तिला विचारलंच नव्हतं.

"आता तूच सांग, काय करू?" मी म्हणालो.

तिनं शांतपणे विचार केला. "भायेर लाव. अंगनात, पडले तिथं. घरात नको. सकाळी मीच फोन करीन."

त्याच दुपारी मी कॅमेरा काढून ओटीबाहेर लावला. आईनं खाली उभं राहून शिडी धरली, मग चहा टाकला. चहा पिताना तिच्या डोक्यावर पदर नव्हता. पांढरे केस मोकळे सोडून ती उन्हात बसली होती, आणि किती तरी दिवसांनी तिनं मला म्हशीच्या खोड्या हसत हसत सांगितल्या.

आता ती रोज सकाळी फोन करते. कधी उशीर झाला की माझा जीव खालीवर होतो, पण मी थांबतो. परवा विचारलं, "काल दिवसभर काय केलंस गं?"

"केलं कायतरी," ती म्हणाली. "समदं तुला कशाला सांगू?"

आणि हसत तिनं फोन ठेवला.