हौसाला कंठ फुटला

आमची हौसा तीन वर्षांची होईपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि नंतर जे बोलली ते ऐकल्यावर मला वाटलं, आणखी थोडे दिवस गप्प राहिली असती तर काय बिघडलं असतं.

तेव्हा मी कोल्हापुरात एका सरदारांच्या पागेत चाबूकस्वार होतो. नवीन घोडं आलं की त्याला खोगीर आणि माणूस सोसायला शिकवायचं, हे माझं काम. महाराजांना घोड्यांचा शौक, म्हणून सरदारांना शौक, आणि म्हणून मला उसंत नाही. दिवसभर घोड्यांशी बोलून तोंड इतकं दमायचं की घरी आल्यावर मी नुसतं "हं" म्हणत असे. (राग आला तर "हूं". तेवढाच फरक.)

हौसाच्या गप्प राहण्यानं घरात कुणाला चैन नव्हती. माझी बायको अनसा तिच्या कानामागं टाळ्या वाजवून बघायची. पोर वळून बघायची. म्हणजे कान ठीक. आई तिच्या जिभेला मध आणि वेखंड लावायची. पोर मध चाटायची आणि वेखंड थुंकायची. म्हणजे जीभही ठीक.

"बापावर गेलीया," आई शेजारणींना सांगायची. "ह्यो बी लगीन हुईस्तवर बोलत न्हवता."

"लगनानंतर तरी कुठं बोलत्यात?" अनसा आतून म्हणायची.

"हं," मी म्हणायचो.

शेवटी आईनं कुठूनसं शोधून काढलं की घोड्याचं खिंकाळणं रोज कानावर पडलं की पोराचा कंठ फुटतो. तिला हे कुणी सांगितलं, ते विचारायची सोय नव्हती. (विचारलं असतं तर घोड्यानंच सांगितलं म्हणाली असती.) दुसऱ्या सकाळपासून हौसा माझ्या खांद्यावर बसून पागेत येऊ लागली. मी काम करायचो, ती गवताच्या पेंढीवर बसून टकामका बघायची. ऊन चढलं की आई येऊन तिला घरी न्यायची.

औषध लागू पडलं. एका दुपारी अनसा भाकरी थापत होती, तेव्हा हौसा तिच्या पाठीला रेलून स्वच्छ म्हणाली, "राणी."

आईनं गल्लीत गूळ-खोबरं वाटलं. पोर स्वतःला राणी म्हणवून घेते, म्हणजे नशीब मोठं, असं सगळ्यांचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी पोरीनं प्रगती केली. "आबा राणी," म्हणाली. आबा म्हणजे मी. आईनं पुन्हा थोडं खोबरं वाटलं.

त्याच्या पुढच्या दिवशी, "आबा राणीला गूळ." अनसाचा हात परातीतच थांबला. घरातली ढेप भराभर कमी होत होती आणि ती इतके दिवस मुंग्यांना शिव्या घालत होती.

आणि मग, "आबा राणीचा मुका." आईनं खोबऱ्याची वाटी फडताळात ठेवून दिली.

यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. पागेत गवत टाकायला, लीद काढायला बाया येतात, हे मात्र अनसाला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी मी जेवायला बसलो, तेव्हा तिनं विचारलं, "राणी कोन?"

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. लग्न झाल्यापासून बायकोनं माझ्या कामाची पहिल्यांदाच चौकशी केली होती. मी मोकळा झालो.

"दिवाळीच्या सुमाराला आली. आली तवा कुनाला अंगाला हात लावू देत न्हवती. आता माझ्याबिगर कुनाच्या हातनं खाईत न्हाय."

"दिसायला कशी हाय?"

"काळीभोर. पर डोळं असलं की बघत ऱ्हावं."

"सरकारास्नी म्हाईत हाय ह्ये?"

"म्हंजे? त्येनीच सोपवली की माझ्याकडं. म्हनाले, ही तुझ्याबिगर कुनाला आवरायची न्हाय."

अनसानं माझ्या ताटात भाकरी टाकली. ती किती उंचावरून पडली त्यावरून मला कळायला हवं होतं. पण मला वाटलं, नवऱ्याच्या कौतुकानं तिचा हात कापला.

मलकापूरकडं जाणाऱ्या एका गाडीवानाबरोबर तिनं माहेरी निरोप धाडला, आणि थोड्याच दिवसांत सासरे दारात उभे राहिले. बरोबर धाकटा मेहुणा. हा तालमीत घुमायचा आणि आमच्या दारातून आत येताना त्याला तिरकं व्हावं लागायचं. दोघांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. अनसानं लुगड्यांचं बोचकं बांधून ठेवलं होतं.

"पावणं," सासरे म्हणाले, "त्या राणीचं काय ते सांगा."

माझी छाती फुगली. कीर्ती मलकापूरपर्यंत गेली तर.

"सांगायचं कशाला, मामा? चला, दावतो की."

"दावायला बी लाज वाटत न्हाय तुमास्नी?"

"लाज कसली? आख्ख्या कोल्हापुरात तसली चाल दुसरीची न्हाय."

मेहुण्यानं बाह्या सरसावल्या. मला वाटलं, त्याला उकडतंय.

आम्ही निघालो. पुढं मी, मागं सासरे आणि मेहुणा, त्यांच्या मागं बोचकं घेऊन अनसा, हौसाला कडेवर घेऊन आई, आणि त्यांच्या मागं अर्धी गल्ली. पागा जवळ आली तशी मी पाहुण्यांना सूचना दिली.

"एकदम जवळ जाऊ नगा. लाथ मारती."

सासरे थबकले. "लाथ?"

"मला बी पयल्यांदा लई मारायची. आता न्हाय मारत."

मेहुण्यानं माझ्याकडं पहिल्यांदाच जरा कीव येऊन बघितलं.

मी घोडीला बाहेर काढलं. सासरे तिच्या आडून मागं डोकावले. "कुठं हाय?"

"ही काय."

सासऱ्यांनी घोडीकडं बघितलं, मग अनसाकडं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात एकेक उतरत गेलं: पागेतल्या बाया, ती भाकरी, ते बोचकं, मेहुण्याच्या बाह्या. आधाराला म्हणून मी घोडीच्याच गळ्यात हात टाकला, ते काही बरं दिसलं नाही.

सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला, पुढं होऊन घोडीचा ओठ उचलला, दात बघितले. "भीमथडी जातीची हाय. ऐन उमेदीतली. पावणं, चीज हाय ही." मेहुणा म्हणाला, एक फेरी मारू काय? गल्लीतली माणसं निराश होऊन पांगू लागली. "येवढ्यासाठनं आमटी करपवली मी," एक बाई पुटपुटली.

सुटलो, असं म्हणून मी श्वास सोडला. तेवढ्यात हौसा आजीच्या कडेवरून घसरली आणि घोडीपाशी गेली. घोडीनं मान खाली घातली. पोरीनं तिच्या नाकावरून हात फिरवला आणि हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाली,

"दमलीस व्हय गं माझी बाय? जेवलीस का पोटभर? ये, पाठ चोळतो."

एकदम एवढं सगळं. आईनं आनंदानं डोळ्याला पदर लावला. बाकीचे सगळे माझ्याकडं बघत होते. अनसानं बोचकं खाली ठेवलं.

"असं मला कवा इचारलंय तुमी?"

मी मदतीसाठी सासऱ्यांकडं बघितलं. ते घोडीच्या पलीकडच्या अंगाला जाऊन पुन्हा दात बघत होते.

"बाई असती तर झिंज्या धरून हाकलली असती," अनसा म्हणाली. "घोडीसंगं काय भांडू?"

ती माहेरी गेली नाही, घरी गेली. संध्याकाळी मीही गेलो, वाटेत मनातल्या मनात घोकत. अनसा चुलीपुढं पाठमोरी बसली होती. सोप्यात आई, सासरे आणि मेहुणा कान टवकारून बसले होते. मी तिच्यामागं जाऊन उभा राहिलो.

"दमलीस व्हय गं?"

आवाज जरा घोगरा आला, पण आला. तिचा हात थांबला. मला धीर आला.

"जेवलीस का?" मी म्हणालो आणि तिच्या मानेखाली दोन थापट्या मारल्या. वर जिभेनं टक् टक् असा आवाजही निघून गेला.

अनसानं मान वळवली नाही. "आता पाय उचलू व्हय, नाल बघाय?"

सवयीनं मी वाकलोसुद्धा होतो.