झोकदार सही

बारावीत मराठीत पहिली आले म्हणून शाळेने मला एक पुस्तक बक्षीस दिलं. मोठं झाल्यावर जगात कसं वावरावं, हे तरुणांना शिकवणारं. जेवताना काटा कोणत्या हातात धरावा, मुलाखतीला कोणता रंग घालावा, हात मिळवताना पकड किती घट्ट असावी. गुजरातेतल्या पांडेसऱ्यात, मिल कामगारांच्या वस्तीत, आम्ही एका खोलीत पाच जण राहायचो, काटा कुणी पाहिलाही नव्हता. तरी मी ते पाठ केलं. सहीवर तर अख्खं प्रकरण होतं. सही झोकदार हवी, वर चढत जाणारी हवी आणि पेन हातात आलं की रेंगाळू नये, त्यातून आत्मविश्वास दिसतो. मी वहीची पानंच्या पानं सह्यांनी भरली.

त्याच उन्हाळ्यात वडील भाजले. ते कापड रंगवायच्या मिलमध्ये होते. मशीनचं झाकण उघडताना आतलं उकळतं पाणी त्यांच्या उजव्या हातावर आणि छातीवर उडालं. मी आणि आई दवाखान्यात धावत पोचलो, तर मिलचा सुपरवायझर आधीच कागद घेऊन उभा.

"बेटी, तू तो पढी-लिखी है. यहाँ साइन कर दे, इलाज चालू हो जाएगा."

गुजरातीत चार ओळी होत्या. मला गुजराती वाचता येत होतं. आईने विचारलं, "काय लिखेल शे?"

"दवाखान्याचा कागद आहे," मी म्हणाले आणि झोकात सही ठोकली.

महिन्याभराने वडील हात गळ्यात अडकवून मिलवर गेले, तेव्हा त्यांना तोच कागद दाखवला. कुणी सांगितलेलं नसताना कामगाराने स्वतःच्या मनाने झाकण उघडलं, असं त्यात होतं. खाली मुलीची सही. कामावरून काढलं. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "तू वाचं नही का, माय?"

सुपरवायझर लबाडच होता, त्याच्याकडून वेगळी अपेक्षा नव्हती. माझं डोकं आजही फिरतं ते पुस्तकवाल्यावर. सहीचं वळण शिकवायला त्याला आठ पानं मिळाली, आणि सही करण्याआधी कागद वाच, हे सांगायला एक ओळ मिळाली नाही?

आम्ही कामगार कार्यालयात तक्रार केली. वडिलांच्याच पाळीतला, विदर्भातून आलेला एक कामगार पुढे आला. "झाकण उघडायला सुपरवायझरनंच सांगितलं, मी बाजूलाच होतो," असं त्याने साहेबासमोर सांगितलं. दुसऱ्याच आठवड्यात त्याचंही काम गेलं. दोन वर्षांनी निकाल लागला, चूक वडिलांची नव्हती. पण त्यांची बोटं काही वळली नाहीत. आजही आई त्यांच्या शर्टाची बटणं लावते.

आता मी त्याच शाळेत शिकवते. यंदा असल्याच पुस्तकांचा गठ्ठा फुकट आला. मुख्याध्यापक म्हणाले, "वाटायला काय हरकत आहे?" मी वाटली नाहीत. तो तास मी मुलींना कागद वाचायला शिकवण्यात घालवला. मोठ्याने वाचा, वेळ मागा, झेरॉक्स मागा.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, वाचूच दिलं नाही तर?"

"तर सही करायची नाही."

"आणि त्यांनी इलाज थांबवला तर?"