मागचं दार नाही

माझी थोरली जाऊ रांगेत घुसणाऱ्याला सोडत नाही. दुकानात कुणी मागून येऊन पुढे हात घातला, की ती दुकानदाराला शांतपणे विचारते, "यांचा नंबर माझ्या आधी कसा?" उत्तर मिळालं नाही तर भरलेली पिशवी तिथेच काउंटरवर ठेवून घरी येते, आणि मग ती आणायला मला जावं लागतं. आमच्या सासूबाई म्हणतात, "हिच्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं. भिंत निदान उलट बोलत नाही."

मी तिला समोर 'ताई' आणि 'तुम्ही' म्हणते, पण मनातल्या मनात आमचं केव्हाच अगं-तुगं झालेलं आहे, म्हणून इथे तसंच लिहिते.

ताई एका छोट्या कंपनीत होती. कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कुठल्या खाटेवर कोण आहे, कुणाला कधी कुठलं औषध द्यायचं, हे सगळं वॉर्डातल्या स्क्रीनवर दिसतं. मी नर्स आहे, आणि आमच्या हॉस्पिटलातही तेच सॉफ्टवेअर आहे. म्हणजे एकाच घरातली एक सून ते चालू ठेवणार, दुसरी त्याला नावं ठेवणार, आणि जेवताना दोघींचंही ऐकून घ्यायला सासूबाई.

प्रोग्रामर रोज काही ना काही बदलतात. पण त्यांनी लिहिलं म्हणजे ते आमच्या वॉर्डात आलं असं नाही. ते दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर चढवावं लागतं. हे चढवण्याचं काम ताईचं. जुनी आवृत्ती थांबवायची, नवी कॉपी करायची, सेटिंग बदलायच्या, पुन्हा चालू करायचं, आणि सगळं हाताने, एकेक कमांड टाइप करत. एक पायरी हुकली की मुसळ केरात. हे काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, त्यामुळे ताईची सुट्टी ही नावापुरतीच सुट्टी असायची.

माझ्या थोरल्या दिरांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, त्या सकाळी आम्ही दोघी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसलो होतो. कंपनीतून फोन आला, काहीतरी तातडीचं चढवायचं होतं. ताईने मांडीवर लॅपटॉप उघडला. थोड्या वेळाने सर्जन बाहेर आले आणि तिच्यासमोर उभे राहिले. तिने वर न बघता एक बोट वर केलं. थांबा, एक मिनिट.

सर्जन थांबले. मीच पुढे होऊन विचारलं. सगळं नीट झालं होतं. ताईने लॅपटॉप मिटला आणि त्या बोटाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्यूटीवर गेले, तर वॉर्डातल्या स्क्रीनवर भलतीच माणसं. चार नंबरच्या खाटेवर 'अबक टेस्ट' नावाचा पेशंट, वय दोनशे वर्षं. शेजारच्या खाटेवर त्याची बायको असावी, तिचंही नाव टेस्ट. त्या म्हाताऱ्याला दर तासाला खोकल्याचं औषध द्यायचं होतं. आम्ही आधी हसलो आणि मग आमच्या अंगावर काटा आला. खऱ्या चार नंबरवर हृदयाच्या गोळ्या चालू असलेल्या बाई होत्या. हेडनर्सनी सगळे स्क्रीन बंद करायला लावले आणि आम्ही दिवसभर कागदावर काम केलं. कुणाला काही झालं नाही.

संध्याकाळी मी ताईला सांगितलं. ती भांडी पुसत होती. आदल्या दिवशी बाकावर बसून घाईत ती एक सेटिंग बदलायला विसरली होती, त्यामुळे आमच्या वॉर्डाला चाचणीसाठी बनवलेली खोटी माहिती दिसत होती.

मला वाटलं, रडेल. तिने हातातलं फडकं घडी घालून ठेवलं.

"यापुढे हे काम मी करणार नाही," ती म्हणाली.

"नोकरी सोडता?"

"नाही. हे काम कुणाच्याच हातात ठेवायचं नाही. माणसाचा नवरा आत टेबलावर असतो, माणसाला ताप येतो, माणसाला घाई होते. मशीनला नवरा नसतो."

"सुखी आहे बिचारं," आतून सासूबाई म्हणाल्या.

त्यानंतरचे काही महिने ताईने तेच एक काम धरलं. प्रोग्रामरनी काम जमा केलं की पुढचं सगळं आपोआप व्हावं. मशीनने स्वतःच ते जोडून चालवण्याजोगं करायचं, त्याच्यावर नेमलेल्या सगळ्या तपासण्या चालवायच्या, आधी चाचणीच्या सर्व्हरवर चढवून बघायचं. तिथे पास झालं आणि दुसऱ्या एका प्रोग्रामरने वाचून हो म्हटलं, तरच खऱ्या सर्व्हरवर. तिथेही आधी एकावर, मग बाकीच्यांवर. काही बिघडलं तर जुनी आवृत्ती परत. ऑफिसात याला पाइपलाइन म्हणतात. सासूबाईंना बरेच दिवस वाटत होतं, की ऑफिसात नळाचं काम चाललंय. ताई घरी आली की त्या विचारायच्या, "आलं का पाणी?"

शेवटी ताईने एक गोष्ट केली, जिच्यामुळे पुढचं सगळं घडलं. सर्व्हरवर हाताने जायची वाट तिने बंद केली. सगळ्यांची, स्वतःचीसुद्धा. एक मूळ चावी, म्हणजे मुख्य पासवर्ड, काय तो मालकांकडे, कारण सर्व्हर त्यांच्या नावावर.

प्रोग्रामरना आधी हे पटलं नाही. एक ओळ बदलायची तरी सगळ्या तपासण्या होईपर्यंत थांबायचं. त्यांनी तिचं नाव फाटकवाली ठेवलं. त्यातला एक, चष्मेवाला म्हणतात त्याला, तिच्यासमोरच म्हणाला, "मॅडम, फाटक कधी उघडणार? गाडी निघून जाईल."

"पास हो, उघडेल," ताई म्हणाली.

पण महिनाभरात त्यांची तोंडं बंद झाली. भर दुपारी, कुणाचं जेवण न थांबता, नवं काम वॉर्डात यायला लागलं. दोनशे वर्षांचा म्हातारा पुन्हा दिसला नाही. मालकही खूश झाले. फक्त एकदा त्यांनी विचारलं, "मग आता तुमचं काय काम राहिलं?"

"तेच तर," ताई म्हणाली. "काही राहू नये, यासाठीच केलं."

मालक वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं. कंपनी त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभी केली होती. पण हिमतीवर काही उभं केलेल्या माणसाला एक सवय लागते. आपण म्हणू तेव्हा, म्हणू तसं झालं पाहिजे.

एका मोठ्या हॉस्पिटलाची माणसं सोमवारी सॉफ्टवेअर बघायला येणार होती. लहान मुलांच्या वॉर्डासाठी केलेलं नवं काम त्यांना चालू स्थितीत दाखवायचं होतं. शुक्रवारी ते जमा झालं आणि पाइपलाइनमध्ये अडकलं. वजनावरून मुलांच्या औषधाचं प्रमाण बरोबर निघतं का, हे बघणारी एक तपासणी नापास होत होती.

मालकांनी ताईला केबिनमध्ये बोलावलं. चष्मेवालाही तिथे होता. पुढचं मला त्याने आणि ताईने वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांचं सांगणं जुळतं.

"पोरं म्हणतात कोड बरोबर आहे, तपासणीच जुनी असेल," मालक म्हणाले.

"असेल. बघायला हवं."

"बघा सोमवारनंतर. आज चढवा. आणि यापुढे असं अडायला नको, म्हणून माझ्यासाठी एक बटण करून द्या. मी दाबलं, की तपासण्या सोडून थेट सर्व्हरवर."

"तसं बटण करणार नाही."

"करता येत नाही का?"

"येतं. अर्ध्या तासाचं काम आहे. करणार नाही."

मालक खुर्चीत मागे टेकले. "बाई, ही कंपनी माझी आहे."

"कंपनी तुमची आहे, सर. वॉर्डातली पोरं तुमची नाहीत."

"मी काय पोरांच्या जिवावर उठलोय? बटण मी रोज दाबणार आहे का?"

"रोज नाही. घाई असेल तेव्हाच दाबाल. आणि चूक घाईतच होते. हे मी तुम्हाला सांगायला नको, माझ्याच हातून झालेली आहे."

मालक चष्मेवाल्याकडे वळले. "तू चढव. जुन्या पद्धतीने, हाताने."

चष्मेवाला म्हणाला, "सर, मला हाताने येत नाही. मी कधी केलंच नाही." ते खरंच होतं.

"मूळ चावी तुमच्याकडे आहे, सर," ताई म्हणाली. "तुम्ही स्वतः चढवू शकता. मी अडवू शकत नाही. फक्त ते तुम्ही करा, मला करायला सांगू नका."

मालक खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "कार्ड टेबलावर ठेवा आणि घरी जा."

ताईने गळ्यातलं कार्ड काढून ठेवलं. जागेवर जाऊन डबा घेतला, पाण्याची बाटली घेतली आणि निघाली. चष्मेवाला जिन्यापर्यंत मागे आला. "मॅडम, हो म्हणून टाकायचं ना. नंतर काढून टाकलं असतं."

"मागचं दार एकदा केलं, की पुढच्या दाराने कोण येतं रे?" ती म्हणाली. "तू ती तपासणी बघ. चुकीची असेल तर दुरुस्त कर."

भर दुपारी ती घरात आली, तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. माझी सुट्टी होती. आम्ही सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, सासूबाई आता तोंडसुख घेतील. त्यांनी निवडलेली भाजी बाजूला सारली.

"मालकच रांगेत घुसत होता म्हणायचा," त्या म्हणाल्या. "बस. डबा खाल्लास का?"

आता इथे मला सांगायला आवडलं असतं, की तपासणी बरोबर निघाली आणि ताईमुळे मुलं वाचली. तसं झालं नाही. चष्मेवाल्याने शनिवार खर्ची घातला. चूक तपासणीतच होती. औषध मोजायची पद्धत हॉस्पिटलांनी अलीकडे बदलली होती, कोड नव्या पद्धतीने लिहिला होता आणि तपासणी जुनंच उत्तर मागत होती. त्याने तपासणी सुधारली, दुसऱ्याने वाचून हो म्हटलं, आणि रविवारी ते काम पाइपलाइनमधूनच रीतसर चढलं. सोमवारचा कार्यक्रम छान पार पडला.

मंगळवारी मालकांचा फोन आला. ताईने तो स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर घेतला, स्पीकरवर.

"ऐकलं ना? तुमचं फाटकच चुकलं होतं."

"ऐकलं."

"म्हणजे मी शुक्रवारी बरोबर होतो."

"शुक्रवारी तुम्हाला ते माहीत होतं का, सर?"

"माहीत नव्हतं, पण निघालं ना बरोबर?"

"मलाही नव्हतं," ताई म्हणाली. "फाटक चुकलं तर फाटक दुरुस्त करायचं. भिंत पाडायची नाही."

"उद्यापासून या. मागचं विसरू. फक्त ते बटण तेवढं करून द्या."

"नाही, सर."

"ताठा सोडा हो. तुमच्यासारख्या पन्नास मिळतील."

"मिळतील. त्यातल्या कुणी बटण करून दिलं, तर माझ्या जावेला सांगा, तिच्या वॉर्डात तुमचंच सॉफ्टवेअर चालतं."

फोन ठेवल्यावर थोरले दीर एवढंच म्हणाले, "माझं नाव घेतलं नाहीस, बरं झालं." आम्ही सगळे हसलो, ताई सोडून. ती पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागली.

ती परत गेली नाही. बटणाचं काम मालकांनी चष्मेवाल्याला दिलं. तो दर आठवड्याला म्हणतो, "होतंय सर, थोडं राहिलंय." मग मालकांनी ते दुसऱ्याला दिलं. त्याचंही थोडं राहिलंय. फाटकवाली म्हणून चिडवणारी हीच मंडळी. एकानेही नाही म्हटलेलं नाही, आणि बटण अजून झालेलं नाही. ताईला हे कळलं तेव्हा ती खूश होईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "तोंडाने नाही म्हणायला काय होतं यांना?"

नवी नोकरी शोधताना तिने काही लपवलं नाही. आधीची का सोडली, असं विचारलं की जसं घडलं तसं सांगायची. मी म्हटलं, "ताई, थोडं गुळगुळीत करून सांगा." ती म्हणाली, "कशाला? नंतर त्यांना कळून धक्का बसण्यापेक्षा आत्ता बसू दे." दोन ठिकाणी धक्का बसलाच. पुन्हा फोन आला नाही. घरात त्या दिवसांत जरा तणाव होता, आणि एकदा ताई मला म्हणाली की कधी कधी वाटतं, अर्ध्या तासाचंच काम होतं. पण ती हे म्हणाली आणि लगेच उठून खिडकीच्या काचा पुसायला लागली. असल्या वाटण्याला ती जास्त वेळ बसू देत नाही.

तिसऱ्या ठिकाणी मुलाखत घेणाऱ्या बाई तिच्याच वयाच्या होत्या. बसच्या तिकिटांची वेबसाइट चालवणारी कंपनी. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "आणि उद्या मीच तसं बटण मागितलं तर?"

"तर तुम्हालाही नाही म्हणेन."

"मी चिडेन."

"चिडा. चिडलात तरी तपासणी पास व्हावीच लागेल."

त्या बाईंनी तिला घेतलं. तिथे चढवण्याचं काम अजून हातानेच चालतं. ताईने पहिल्याच आठवड्यात पाइपलाइनचा विषय काढला. हिशेब बघणाऱ्या साहेबांना तो खर्च फुकटचा वाटतो, आणि त्यांचा शब्द तिथे चालतो.

परवा ती घरी आली, तेव्हा तिचे कान लाल होते. त्या साहेबांशी जोरात वाजलं होतं. मी पाण्याचा पेला पुढे केला आणि विचारलं, "कोण जिंकलं?"

"अजून चालू आहे," ती म्हणाली, आणि पेला एका दमात रिकामा केला.