तिजोरीवरची उडी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं, त्याबद्दल माफी. चौथीपर्यंतच शिकले.

सासूबाई तिजोरी उघडायच्या तेव्हा घरातल्या सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. पाहुण्यांनीही. माझी मुलगी शाळेत लाकडी घोड्यावर हात टेकून पलीकडे उडी मारायला शिकत होती. घरी सरावाला तिला आमची बुटकी तिजोरी बरोबर मापाची वाटली.

सासूबाईंनी एकदा पाहिलंच. "अगं, लक्ष्मीवरून उड्या मारतेस?"

"आजी, लक्ष्मीजी अंदर आहेत. मी तर वरून जातेय, पायही लागत नाही."

"मग आधी पाया पडून उडी मार."

महू गावी उड्यांची स्पर्धा होती; मुलीला तिथे पाठवायला पैसे नव्हते आणि मला मागायची लाज. सासूबाईच म्हणाल्या, "तोंड फिरवा." नोटा हातात देत म्हणाल्या, "उधार आहेत हं."

मुलगी महूला उडी मारताना पडली आणि हसत परत आली. मी पापड लाटून थोडे थोडे पैसे फेडले. काल शेवटचे द्यायला गेले आणि सवयीने भिंतीकडे वळले.

"राहू दे आता," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्यासमोरच तिजोरी उघडली.

तिजोरीत मी फेडलेल्या नोटा होत्या आणि एक हिंगाची डबी. बाकी काही नाही. मी उरलेल्या नोटा त्यांवर ठेवल्या. सगळे पैसे फिटले.