माळ्यावरची खोली

कंपनीच्या बसमध्ये टेकलं की आल्फ्रेडला झोप लागायची. कतारमधला अल खोर ते रास लफान, रोजचाच रस्ता. पण वसईचं घर विकायला काढल्यापासून त्या झोपेवरही गदा आली होती. तो बसमध्ये बसतो न बसतो, तोच तिथल्या बालाजी एजंटचा फोन यायचा.

एलिझाबेथचे गुडघे कामातून गेले होते. परत गेल्यावर लिफ्टच्या इमारतीत राहायचं, हे नवराबायकोचं ठरलं होतं. गिऱ्हाईकही बरं मिळालं. श्यामराव, निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना ते कौलारू घर आवडलं, आणि त्यातही माळ्यावरची खोली. मुलगी संजीवनी पोरांना घेऊन माहेरी आली की तिची तिथे सोय होणार होती. मग श्यामरावांच्या कर्जासाठी बँकेचा इंजिनिअर येऊन गेला आणि सगळं अडलं.

मंजूर नकाशात ती खोली नव्हतीच. जिना शिडीसारखा उभा. आणि खोलीत डोकं आपटू नये म्हणून सुताराने छपराचे दोन्ही उतार बांधून धरणारी, कैचीची आडवी तुळईच कापून काढलेली. छपराचा रेटा भिंतींवर येत होता. वरच्या कोपऱ्यांत भेगा दिसायला लागल्या होत्या.

"सर, टेन्शन घेऊ नका," बालाजी म्हणाला. "भेगा बुजवू, प्लायवूड मारू, रंग देऊ. श्यामरावांना तुळईचं काही सांगितलेलं नाही. दुसऱ्या बँकेत आपल्या ओळखीचा माणूस आहे."

"बघू," आल्फ्रेड म्हणाला. हल्ली कुणी काहीही विचारलं तरी तो हेच म्हणायचा.

शुक्रवारी दोह्यातल्या अल थुमामाहून त्यांची मुलगी ऑलिव्हिया जेवायला आली. आल्फ्रेडने पुन्हा तोच विषय काढला. बालाजीचं ऐकावं असं त्याला वाटायला लागलं होतं. अजून किती ताणायचं?

"आणि त्यांची नातवंडं वर झोपली असताना काही झालं तर?" एलिझाबेथने विचारलं.

"मग काय, तोडून टाकू ती खोली?" त्याचा आवाज चढला. "अख्खी सुट्टी घातली होती मी तिच्यात. दोन्ही पोरांसाठी, शेल्डन आणि हिच्यासाठी."

ऑलिव्हियाने चमचा खाली ठेवला. "डॅडी, वी हेटेड दॅट रूम. इट वॉज सो हॉट."

आल्फ्रेडने बायकोकडे पाहिलं.

"तू झोपलास की दोघं खाली हॉलमध्ये येऊन पडायची," एलिझाबेथ हळूच म्हणाली. "उजाडायच्या आत मीच त्यांना वर पाठवायचे. तुला वाईट वाटू नये म्हणून."

राग येईल असं आल्फ्रेडला वाटलं होतं, पण रागवायचंही त्राण नव्हतं. उलट थोडं हलकंच वाटलं.

शनिवारी त्याने एजंटला मध्ये न घालता श्यामरावांनाच फोन लावला आणि तुळईचं सगळं सांगितलं.

श्यामरावांनी सगळं ऐकून घेतलं. "मी ती खोली धरून भाव दिला होता, आल्फ्रेडसाहेब."

"धरू नका. खोली काढतो, तुळई परत घालून देतो. तुमचा इंजिनिअर बघू दे, मग भाव ठरवा."

"आधीच का नाही सांगितलंत?"

"तुळई कापल्याने काय होतं, ते मलाच ठाऊक नव्हतं. मी तिथे राहिलोच किती?"

वर्षाची सुट्टी त्याने वसईला जाऊन त्यातच घालवली. मेच्या उकाड्यात वरची जमीन निघाली, जिना निघाला, नवी तुळई चढली. एक सुतार अर्ध्यावर काम टाकून लग्नाला गेला, तो परत आलाच नाही. दुसरा शोधावा लागला. बँकेचा माणूस दोनदा येतो म्हणून आला नाही, तिसऱ्यांदा आला आणि पाच मिनिटांत हो म्हणून गेला. बालाजी शेवटपर्यंत फुगलेलाच होता. भाव उतरला, पण खरेदीखत झालं. सही करून बाहेर पडताना श्यामराव म्हणाले, "खोली गेल्याचं संजीवनीला अजून सांगितलेलं नाही. तेवढं धैर्य व्हायचंय."

अल खोरला पोचल्यावर एलिझाबेथने चहा पुढे केला. "शेवटी घर कसं दिसत होतं?"

"मोठं. हॉलमधून वर बघितलं की थेट कौलं."

"रडलास?"

"वेळ कुठे होता?"

चहा अर्धा टाकून तो आडवा झाला. सकाळी ड्यूटी होती. बूट काढायचे राहिले होते, ते एलिझाबेथने खुर्चीवर बसून, गुडघा सांभाळत काढले.