रत्ना मोकळी आहे

कोंडिबांची रत्ना म्हणजे पायाला भिंगरी. पासलीत मी अंगणवाडी चालवते आणि आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून आहे, तेव्हा हे मी सांगोवांगीचं बोलत नाही. गेल्या भाऊबीजेला ती माहेरी आली ती भाटघरला सासरी परत गेलीच नाही, आणि तेव्हापासून झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची, घासलेली भांडी पुन्हा घासायची. नवऱ्यानं, धनाजीनं, तिच्यावर कधी हात उगारला नाही. तिची अडचण तीच होती. अंगावर वळ नाही, मग लोकांना दाखवणार काय? दुकानात जायचं तर विचारून, आईला फोन करायचा तर त्याच्यासमोर. एवढ्यावरून कुणी घर मोडतं का, असं सगळं गाव म्हणायचं. त्या 'एवढ्यावरून'चा मला भारी राग येतो.

त्यात यंदा भातकापणीच्या तोंडावर आन्ना आली. जर्मनीची पोरगी. तोरण्यावरून उतरताना पाय मुरगळला, म्हणून कोंडिबांच्या पडवीत राहिली, आणि पाय बरा झाला तरी हलेना. नाव ऐकून गावाला हसू आवरेना, कारण आमच्याकडे आण्णा म्हणजे मिशीवाला कारभारी. रत्नाची आई सगुणाबाई तर तिला 'आण्णा, जेवायला या' असं अहोजाहो करूनच वाढायची.

रत्नाला वाटायचं, हिच्यासारखं सुख कुणाचं नाही. कुणाला न विचारता ही समुद्रापलीकडून आली. दोघी बांधावर तासन्‌तास बोलायच्या. रत्नाचं बारावीपर्यंतचं इंग्रजी, आन्नाचं इथंच उचललेलं मराठी, आणि अडलं की मोबाईल. एकदा रत्नानं विचारलं, अडवणारं कुणी नसलं की कसं वाटतं? आन्ना आधी हसली, मग रडायलाच लागली. तिकडे पोरं वयात आली की घर सोडतात, तशी तिनंही सोडलं. दोनदा शिक्षण अर्धवट टाकलं. नोकरी लागली ती मुदतीची, मुदत संपली. भाड्याची खोली मिळवायची तरी नोकरीसारखी मुलाखत द्यायची, बरोबर रांगेत पन्नास जण. मैत्रिणींची गतही तीच, फक्त फोनवरच्या फोटोत सगळ्या मजेत. आई दर वेळी एकच सांगते, तुला हवं ते कर. मला काय हवंय तेच कळत नाही, आन्ना म्हणाली, आणि चुकलं तर बोट दाखवायला दुसरं कुणी नाही.

हे मला सांगताना रत्ना चिडलेली होती. "भरल्या ताटावर बसून म्हनती, काय खाऊ कळंना," ती म्हणाली. पण त्या दिवसापासून तिची येरझार आणखीच वाढली.

मग भाटघरहून निरोप आला, सासरे चिमाजी सुनेला न्यायला येताहेत. कोंडिबांनी पाठवायचं ठरवूनच टाकलं होतं. या वेळी गेलीस की रुसून परत यायचं नाही, असंही बजावलं होतं. सगुणाबाईंनी पिशवी भरली. रत्ना मागच्या दारी भांडी घासत राहिली. पाहुण्यांसाठी कपबशा हव्या होत्या त्या द्यायला मी गेले होते, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

ओट्यावर आन्ना एकटीच होती. ती फिरायला हाक मारायची तेव्हा रत्ना हातातल्या कामावरून उत्तर द्यायची, 'थांब, मोकळी झाले की येते.' आन्नानं त्यातून आपला अर्थ काढला होता. चिमाजी जीपमधून उतरले आणि सूनबाई कुठं आहे म्हणाले. मागं भांड्यांचा आवाज थांबलेला. आन्ना अदबीनं उठून उभी राहिली आणि म्हणाली, "रत्ना मोकळी आहे."

कामाचं नाव न घेता आमच्याकडे बाई दोनदाच मोकळी होते, एक तर बाळंत झाली की, नाहीतर नवऱ्यानं सोडचिठ्ठी दिली की. चिमाजींचा पाय पायरीवरच राहिला.

"कुनी केली मोकळी?"

कोंडिबा धावतच बाहेर आले. परदेशी पोरगी, तिला भाषेतलं काय कळतंय, काम आवरलं एवढंच तिला म्हणायचंय, असं त्यांनी घाईघाईनं समजावलं. चिमाजी हसले. मग सगळेच हसले, सगुणाबाई चहाकडे वळल्या, आणि आता पोरगी गेली असं माझ्या मनात आलं.

तेवढ्यात रत्ना पदराला हात पुसत ओट्यावर आली. "तिला भाषा न्हाई येत, पर मला येती," ती म्हणाली. "मी मोकळी हाय, मामा. तुमच्या लेकानं केली न्हाई, म्हनून म्याच केली."

चिमाजी चहा न घेता गेले. कोंडिबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "आता तुजं तू बघ. चुकलं तर आमाला सांगायचं न्हाई." हे मात्र आन्नाला बरोबर कळलं. तिची आई मायेनं बोलते, कोंडिबा मनातल्या रागानं बोलले, पण ओझं तेच होतं. आन्नाचा चेहरा उतरला.

रत्ना माझ्या मागोमाग आमच्या स्वयंपाकघरात आली. "काकी, लई भ्या वाटतंय," ती म्हणाली. मी विचारलं, मग चिमाजींना फोन करून परत बोलावू का?

ती न्हाई म्हणाली. आणि माझी घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला बसली.