नाव घेतलं नव्हतं

मंगरू रामटेके आमच्या गावच्या तलावावर पाटबंधारे खात्याचा चौकीदार होता. एकवीस वर्षं. सकाळी सायकल बाभळीला टेकवायची, तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, पाणी किती चढलं ते वहीत लिहायचं. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा खात्याची बरीच माणसं तिकडे गेली आणि मंगरूकडे एकाचे दोन तलाव झाले. त्याच्या बापानं छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली होती. तेव्हापासून त्या घरात दारूचा थेंब आला नव्हता. लग्नाच्या पंगतीत आम्ही त्याची यावरून थट्टा करायचो, तो नुसता हसायचा.

२००५च्या पावसाळ्यात पाळीच्या पोटातून पाणी झिरपू लागलं. मंगरूनं कचेरीत तीनदा लिहून कळवलं. कोणी आलं नाही. ऑगस्टात एका सकाळी आठच्या सुमारास पाळ फुटली. खाली धानाच्या बांध्यांत सहा बाया रोपांच्या रोवणीला वाकलेल्या होत्या. मंगरू पाळीवरून ओरडत धावला. पाच जणी शेताकडेच्या उंच धुऱ्यावर चढल्या. गावातल्या डोमाची बायको रत्नाबाई खालीच राहिली. ती दुसऱ्या दिवशी नाल्यात सापडली.

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरलं. आमच्या भागातल्या एका आमदारांनी सभागृहात हा विषय काढला. तलावावरचा चौकीदार दारू पिऊन झोपला होता, म्हणून बायांना इशारा मिळाला नाही, असं ते बोलले. मंत्र्यांनी लगेच उत्तर दिलं, चौकीदाराला निलंबित करण्यात येत आहे. बाकं वाजली म्हणे.

मंगरूला हे पेपरातून कळलं. मुलगी भावना शाळेत शिकवायची, तिनं बातमी वाचून दाखवली. मंगरूची बायको वच्छला चुलीपाशी होती, ती तशीच उठून आली. "दारू? याईनं?" एवढंच म्हणाली.

त्याच दुपारी डोमा अंगणात येऊन उभा राहिला. "मंगरू, तू झोपला होतास?"

"नाई गा. बायांले हाक मीच देल्ली."

"मंग विधानसभेत काहून सांगतीन असं?"

डोमा निघून गेला आणि त्यानंतर मंगरूशी बोलला नाही. त्याला काय दोष द्यायचा? एवढ्या मोठ्या ठिकाणी बोललं गेलं, म्हणजे काहीतरी असेलच, असं चहाच्या टपरीवर मी स्वतः म्हटलं होतं. मंगरूला कधी पिताना पाहिलं नव्हतं, तरी म्हटलं.

मंगरू आणि भावना आधी आमदारांकडे गेले. आमदार चांगले वागले, चहा दिला. म्हणाले, "मले खात्याच्या वरच्या साहेबाईनं माहिती देल्ली, ते मी बोललो. अन् मी तुमचं नाव घेतलं काय? चौकीदार म्हटलं फक्त."

"त्या तलावावर चौकीदार मी एकलाच होतो, साहेब."

आमदार बघतो म्हणाले.

पुढल्या वर्षीच्या हिवाळी अधिवेशनात भावना वडिलांना घेऊन नागपूरला विधानभवनात गेली. तिथल्या एका वयस्क अधिकाऱ्यानं तिचा अर्ज दोनदा वाचला. तो म्हणाला, "जो माणूस सभागृहात येऊन उत्तर देऊ शकत नाही, त्याच्यावर आरोप करायचा तर आधी अध्यक्षांना लेखी कळवावं लागतं. तसं केलं नाही, तर अध्यक्ष ते शब्द कामकाजातून काढून टाकू शकतात."

"मग काढा ना, सर."

"नाव घेतलेलं नाही, बेटा. त्यामुळे तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. आता एखाद्या सदस्यानंच विषय काढायला हवा. आणि सभागृहातल्या भाषणावर कोर्टातही जाता येत नाही."

मंगरूनं विचारलं, "मले आत उभं राहून दोन शब्द बोलता येतीन काय?"

अधिकाऱ्यानं नकारार्थी मान हलवली. मग शिपायाला सांगून त्यांच्यासाठी पाणी आणवलं.

खात्याची चौकशी अडीच वर्षं चालली. चौकशी अधिकाऱ्यानं मंगरूला विचारलं, त्या दिवशी तुम्ही प्यायलेले नव्हता याचा पुरावा काय? मंगरू म्हणाला, न पिण्याचा पुरावा कसा देऊ? शेवटी वाचलेल्या बायांपैकी गीताबाई भंडाऱ्याला जाऊन साक्ष देऊन आली. "याईनं हाक देल्ली म्हनून मी जित्ती आहो," ती म्हणाली. बाकीच्या चौघी आल्या नाहीत. त्यांच्या घरच्यांनी जाऊ दिलं नाही.

आरोप सिद्ध झाला नाही. मंगरूला कामावर घेतलं, पण तलावावर नाही, गोदामात. पुढे दुसऱ्या एका आमदारांच्या प्रश्नाला मंत्र्यांनी लेखी उत्तर दिलं, त्यात आरोप सिद्ध न झाल्याची गोष्ट एका ओळीत आली. पेपरात ती आली नाही. सभागृहाच्या कामकाजात पहिलं भाषण जसं छापलं होतं तसंच राहिलं.

त्या उत्तराची प्रत घेऊन मंगरू डोमाकडे गेला. सोबत भावना होती, मीही गेलो. जायला हवं असं मला वाटलं. डोमा खाटेवर बसला होता. भावनानं ती ओळ वाचली. त्यानं पुन्हा वाचायला लावली.

"मंग दोष कोनाचा?" त्यानं विचारलं.

भावनानं कागद उलटून पाहिला. मंगरूच्या तीन पत्रांबद्दल त्यात काही नव्हतं. सभागृहात तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

"ते नाई लिवलं," मंगरू म्हणाला.

डोमानं त्याला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. आम्ही निघालो. वाटेत मंगरू सायकल हातात धरून चालत होता. तलावावरून घरी जाणारा जवळचा रस्ता आला तेव्हा तो गावातल्या लांबच्या रस्त्यानं वळला, आणि आम्ही दोघं त्याच्या मागे गेलो.